उजव्या चाकाचा आवाज
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)

 १९९६ च्या दहावीच्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल’ यावर बोलायला सांगितलं होतं. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा मलाच जांभई आली. तुम्ही आत्ताच जेवून आला आहात, त्यामुळे धोका नको. म्हणून विषय मी माझ्या जबाबदारीवर बदलला आहे. मी पिकअपच्या पुढच्या चाकाच्या आवाजाबद्दल बोलणार आहे.

हसू नका. ही बघा, पिशवीतून आणली आहे. ही त्या चाकातली बेअरिंग. रांगेतून पुढे पाठवा, बोटात धरून फिरवा, कशी खरखरते ते कळेल. मी रॉकेलने धुतली आहे, तरी साडीला पुसू नका.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझा धाकटा भाऊ माहीत आहे. आपल्याच शाळेत, आपल्या चार वर्षं मागे होता. तो मागे दाराजवळ उभा आहे, बस म्हटलं तरी बसत नाही. त्याची पिकअप आहे, भाड्याने माल नेतो. आपल्याकडचा माल म्हणजे काय ते मी सांगायला नको. टोमॅटो, कोथिंबीर, मेथी, कांदा. ओतूरवरून माळशेज घाट उतरायचा, मुरबाड-कल्याण करत पहाटेच्या आत वाशीचा बाजार गाठायचा. आठवड्यात तीन-चार फेऱ्या. गाडी जुनी आहे, पण घर तिच्यावर चालतं.

२०२३ च्या मार्चमध्ये त्याने मला फोनवर सांगितलं, “ताई, पुढून आवाज येतोय. घूंऽऽ असा. चाळीसच्या पुढे गेलं की सुरू होतो, वेग वाढला की चढतो.” मी म्हटलं, जत्रेला येते तेव्हा बघू. आता मी कॉम्प्युटर इंजिनिअर. गाड्यांशी माझा संबंध चालवण्यापुरता. पण आमच्या घरात ‘इंजिनिअर’ हा एकच शब्द आहे. मिक्सर बिघडला तरी मला विचारतात आणि मीही कधी ‘मला येत नाही’ म्हटलेलं नाही. हा दोष शाळेपासूनचा आहे. बाई समोर बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल, उत्तर येत नसलं तरी माझा हात वर असायचा.

एप्रिलमध्ये जत्रेला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेजारी बसून नारायणगावच्या बायपासला गेले. तिथे रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे. त्याला सांगितलं, काटा साठवर स्थिर ठेव. मोबाइलमध्ये आवाजाचा आलेख काढणारं ॲप घेतलं होतं. आवाजात कुठली कंपनं किती आहेत ते त्यात दिसतं. माझ्या आलेखात एक सुळका उभा राहिला, सेकंदाला ६५ कंपनांच्या जागी. मला कोण आनंद झाला.

गणित सोपं आहे, आठवीच्या मुलाला येईल. साठचा वेग म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. चाकाचा घेर मी टेपने मोजला, २.२ मीटर भरला. म्हणजे चाक सेकंदाला साडेसात फेरे मारतं. ६५ ला साडेसातने भागा. एका फेऱ्यात साधारण नऊ ठोके. मग मी खाली उतरून उजव्या टायरवर तळहात फिरवला, तर हाताला लाटा लागल्या. रबर ठरावीक अंतरावर झिजून खोलगट झालं होतं. मोजले तर नऊ खळगे! मी भावाला म्हटलं, टायर गेलेत, दोन्ही बदल, आवाज जाईल.

तो म्हणाला, “पण ताई, डाव्या वळणाला आवाज जास्त येतो.” मी म्हटलं, वळणावर टायर घासतातच. तो म्हणाला, “आणि ब्रेक पहिल्यांदा दाबला की कधीकधी पोकळ जातो. दुसऱ्यांदा दाबला की बरोबर लागतो.” मी म्हटलं, ते वेगळं आहे, ब्रेकचं तेल बघून घे.

आमच्या धंद्यात एक वाईट सवय असते. ग्राहकाने एका दमात तीन तक्रारी सांगितल्या की आपण त्यांच्या तीन वेगळ्या नोंदी करतो, आणि जिचं उत्तर आपल्याकडे तयार आहे ती आधी सोडवून मोकळे होतो. मी तेच केलं.

दोन टायर चौदा हजारांना पडले. टायर बदलल्यावर आवाज खरोखरच कमी झाला. पूर्ण गेला नाही, पण निम्म्याहून कमी झाला. आई शेजारणीला सांगत होती, आमच्या मुलीने मोबाइलवर गाडी तपासली. मी पुण्याला परत आले आणि विसरून गेले.

त्या वर्षी जुलैत टोमॅटोचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. रस्त्याने टोमॅटोची गाडी जाताना लोक सोन्याची गाडी गेल्यासारखे बघत होते. अशाच एका रात्री भाऊ शंभर क्रेट घेऊन घाट उतरत होता. आरटीओमध्ये नोकरीला असलेले कोणी माजी विद्यार्थी इथे असतील तर त्यांनी हा आकडा ऐकला नाही असं समजावं. माल एका शेतकऱ्याचा, किंमत दोन लाखांच्या घरात. पाऊस, आणि माळशेजचं धुकं. बोनेटच्या पुढे काही दिसत नाही, डाव्या हाताला कड्यावरून पाणी टपावर कोसळतंय.

एका डाव्या वळणानंतर त्याने ब्रेक दाबला आणि पेडल खालपर्यंत गेलं. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा दाबला, लागला. पुढच्या वळणाला पुन्हा तेच, आणि या वेळी तिसऱ्या दाबाला लागला. आवाज आता घूं राहिला नव्हता. दळणाच्या गिरणीत खडा गेल्यासारखा घर्रर्र येत होता. त्याने गाडी दुसऱ्या गिअरला टाकली आणि पंधरा-वीसच्या वेगाने, दर वळणाच्या आधी पेडल दोन-तीनदा मारून घेत, सगळा घाट उतरला. खाली सपाटीला आल्यावर बाजूला घेतली. उजव्या चाकाच्या मधल्या टोपीवर बाटलीतलं पाणी ओतलं तर चुर्र झालं. ग्रीस पातळ होऊन रिमवर ओघळलं होतं.

रात्री दोन वाजता त्याने फोन केला तो मला नाही. आळेफाट्याला आपल्यातल्याच एकाचं गॅरेज आहे, त्याला केला. त्याने आज स्टेजवर नाव घ्यायचं नाही असं मला बजावलं आहे, पण तुम्हा सगळ्यांना कळलंच आहे कोण ते. मागे वळून बघू नका, लाजतो तो. मला सकाळी आठला आईकडून कळलं. दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी बोलावून क्रेट हलवले, तोपर्यंत वाशीचा पहाटेचा बाजार उलगडला होता. मागून मिळालेला भाव कमी होता. भावाने त्या फेरीचं भाडं घेतलं नाही, वर आणखी पैसे दिले. किती दिले ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आळेफाट्याला गेले. क्रेनने ओढून आणलेली गाडी गॅरेजसमोर उभी होती. मला वाटलं होतं आपला मित्र आता पाने घेऊन लगेच चाक खोलेल. त्याने स्टूल घेतलं, चहा सांगितला आणि भावाला समोर बसवलं. दहा मिनिटं तो नुसते प्रश्न विचारत होता. मी उभी राहून ऐकत होते.

“आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या?” “वेगाबरोबर. उतारावर न्यूट्रल केली तरी तसाच.” म्हणजे इंजिन, क्लच सुटले. “डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर बदलतो?” “मार्चमध्ये थोडा बदलायचा. टायर घातल्यापासून नाही.” टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. बेअरिंगला रस्ता कसला आहे त्याचं काही नसतं. “हलका ब्रेक लावला की जातो?” “नाही.” पॅड घासत असते तर दाबल्यावर सूर बदलला असता. “वळणाला?” “डाव्या वळणाला वाढतो, उजव्याला जवळजवळ बंद.”

इथे तो माझ्याकडे वळून म्हणाला, “ए इंजिनिअर, गाडी डावीकडे वळली की भार कुठे जातो?” एसटीच्या गाडीत उभं राहून प्रवास केलेला कोणीही हे सांगेल. गाडी डावीकडे वळली की माणसं उजवीकडे कलंडतात. तसंच गाडीचं वजनही उजव्या चाकावर येतं. बिघडलेल्या बेअरिंगवर भार वाढला की ती जास्त ओरडते. त्याने हेही सांगितलं की हे दर वेळी खरं ठरत नाही, एखादी बेअरिंग भार आल्यावर गप्पही बसते, म्हणून नुसत्या वळणावरून चाक खोलायचं नाही. पण दिशा कळते.

मित्रांनो, त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं भावाकडे मार्चपासून तयार होती. मी विचारली नव्हती, आणि जी त्याने आपणहून सांगितली ती मी ऐकली नव्हती. मी ६५ कंपनं मोजली. तो रोज सात तास त्या आवाजाच्या शेजारी बसत होता.

मग जॅक. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून उचलली आणि खाली लोखंडी घोडी ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे त्याने आपल्या पोराला माझ्यादेखत दोनदा ऐकवलं. चाकाला वर आणि खाली धरून हलवलं, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे. चाक खडखड हललं. मेकॅनिक याला ‘प्ले’ म्हणतात. आडवं, तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं, तर स्टिअरिंगच्या सांध्यांचा प्ले कळतो. पण वर-खाली हलतंय म्हणून लगेच बेअरिंग म्हणायचं नाही, बॉल जॉइंट झिजला तरी तसंच हलतं. त्याने पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. आता चाक घट्ट. ब्रेक लावला की डिस्क आणि कॅलिपर एक होतात, बेअरिंगमधला ढिलेपणा दिसेनासा होतो. बॉल जॉइंटचा असता तर तो तसाच राहिला असता. एवढी साधी युक्ती, आणि निम्मा प्रश्न सुटला.

त्यानंतर त्याने जे केलं त्यासाठी मी हे भाषण करते आहे म्हटलं तरी चालेल. डावं चाकही उचललं होतं. त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक चाकामागच्या लोखंडी नकलवर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि पोराला चाक हाताने फिरवायला सांगितलं. मग स्क्रू ड्रायव्हर मला दिला. डावीकडे नुसती सळसळ ऐकू आली, रेशमावरून हात फिरवल्यासारखी. उजवीकडे भाकरीच्या तव्यावर वाळू फिरवल्यासारखी खरखर, मध्येच कट्, मध्येच कट्.

मी विचारलं, हे कुठे शिकलास? तो म्हणाला, “आठवीत. सरांनी बाकाच्या एका टोकाला घड्याळ ठेवलं होतं आणि दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकायला लावलं होतं.” सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. तो प्रयोग मलाही आठवतो. त्यावर परीक्षेत प्रश्न आला होता. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पोलादात ५००० च्या वर, हे लिहून मी पूर्ण गुण घेतले होते. त्या दिवशी हा मात्र वर्गाबाहेर उभा होता, म्हणजे तुम्हीच उभा केला होता, आणि आमचं झाल्यावर तुम्ही त्याला आत बोलावून एकट्याला ऐकवलं होतं. हे मला त्याने आळेफाट्याला सांगितलं. मला ठाऊक नव्हतं.

असो. चाक खोललं. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने वर टांगला, नुसता लोंबू दिला तर त्याचं वजन ब्रेकच्या नळीवर येतं. मधली टोपी ठोकून काढली. आत स्प्लिट पिन, मग मुकुटासारख्या खाचांचा नट, वॉशर, आणि बाहेरची लहान बेअरिंग. मागची चाकं ओढतात अशा या गाडीत पुढची चाकं नुसती फिरणारी असतात. हबमध्ये दोन टेपर बेअरिंग, लहान बाहेर, मोठी आत, एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या. रोलर तिरके असतात, त्यामुळे त्या उभा भारही पेलतात आणि वळणावरचा आडवा रेटाही. आतल्या बाजूला ऑइल सील. पाणी बाहेर ठेवायचं आणि ग्रीस आत ठेवायचं काम त्या रबराच्या कडीचं.

सील कडक होऊन चिरलं होतं. ग्रीसचा रंग मधासारखा असायला हवा, तो पाणी मिसळून ताकासारखा झाला होता आणि कडेला तांबूस गंज. मित्र म्हणाला, आदल्या पावसाळ्यात कुठे पाण्यात घातली होतीस का? भाऊ म्हणाला, फरशीवरून नेली होती, दोन-तीनदा. तापलेला हब एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि चिरलेल्या सीलमधून पाणी आत ओढते. म्हणजे रोगाची सुरुवात २०२२ च्या पावसात. पुढे गंज, गंजाचे खळगे, त्यावरून रोलर जाताना आवाज. जी बेअरिंग तुमच्या हातात फिरते आहे तिच्या कोनवर बोट फिरवा. देवीच्या व्रणांसारखे खड्डे लागतील. आणि कडेला निळसर काळा डाग दिसेल, तो घाटातल्या त्या रात्रीच्या उष्णतेचा.

आता ब्रेकचं. डिस्क हबला बसवलेली असते. हब डुगडुगायला लागला की डिस्क डगमगते आणि पॅडना दोन्ही बाजूंनी मागे ढकलते. मग पुढच्या वेळी पेडल दाबलं की पहिला दाब नुसतं ते अंतर भरून काढण्यात जातो. दुसरा दाब लागतो. भावाने मला एप्रिलमध्ये शब्दशः हेच सांगितलं होतं. ते ब्रेकचं दुखणं नव्हतंच. टायरचे खळगेही तेच सांगत होते. सैल चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारतं आणि रबर जागोजाग झिजतं. टायर खराब होते हे खरं, आवाज करत होते हेही खरं. पण ते बेअरिंगने खराब केले होते. मी परिणाम बदलला आणि कारण चौदा हजारांच्या नव्या टायरखाली झाकून टाकलं.

आणि माझ्या त्या आलेखाचं काय? तो चुकीचा नव्हता. हे मला त्या रात्री घरी झोप येईना तेव्हा कळलं. ६५ भागिले ७.५८. कॅल्क्युलेटर घेऊन बसा. उत्तर नऊ येत नाही, ८.६ येतं. टायरवरचे खळगे टायरबरोबर फिरतात, तेव्हा एका फेऱ्यातले त्यांचे ठोके पूर्णांकच असायला हवेत. आठ किंवा नऊ. साडेआठ खळगे असू शकत नाहीत. अपूर्णांक आला की समजायचं, ठोके देणारी वस्तू चाकाबरोबर फिरत नाही, तिचा वेग निराळा आहे. बेअरिंगचे रोलर असेच असतात, ते चाकापेक्षा कमी वेगाने घरंगळतात. पंधरा-सोळा रोलरच्या बेअरिंगच्या कोनला खड्डा पडला तर फेऱ्यामागे साडेआठ-नऊच्या आसपास ठोके येतात आणि ते पूर्णांक नसतात. उत्तर माझ्या हातात होतं. मी त्याला नऊ केलं, कारण खळगे नऊ होते.

तेव्हा मी मनाला सांगितलं होतं की काटा साठ दाखवतो, खरा वेग सत्तावन्न असेल. स्पीडोमीटर थोडं जास्त दाखवतात हे सगळ्यांना माहीत आहे. सत्तावन्न धरलं की बरोबर नऊ येतात. हातातल्या त्याच मोबाइलमध्ये जीपीएस होतं, खरा वेग एका मिनिटात कळला असता. दुरुस्तीनंतर मी मुद्दाम त्याच बायपासवर जाऊन बघितलं. या गाडीचा काटा साठला साठच दाखवतो.

ऑफिसात माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलीने असा आकडा पुढे-मागे ढकलला असता तर मी तिला उभ्या उभ्या सुनावलं असतं. पूर्वी तसं सुनावलंही आहे.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगते, ज्यांना नको त्यांनी डुलकी काढावी. जुन्या बेअरिंगचा बाहेरचा कप हबमध्ये दाबून बसवलेला असतो. कोन नवा आणि कप जुना असं चालत नाही, जोडीनेच बदलायचा. जुने कप ड्रिफ्टने आतून ठोकून काढले. नवे बसवताना जुना कप उलटा वर ठेवून त्यावर हातोडी मारायची, म्हणजे नव्याला ओरखडा येत नाही. इथे पुन्हा कान. कप बसत असताना हातोडीचा आवाज बोदा येतो, तळाला टेकला की एकदम खणखणीत होतो. मित्राने डोळे मिटून ठोकलं आणि आवाज बदलल्याबरोबर थांबला.

ग्रीस भरायचं काम मला दिलं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायची, रोलरच्या फटीतून वरून ग्रीस डोकावेपर्यंत. चकलीचा सोऱ्या दाबताना दिसतं तसं. मग थोडी फिरवून पुन्हा. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊनच नवं भरायचं. हब ग्रीसने गच्च भरायचा नाही, जास्त ग्रीसनेही गरम होतो. स्पिंडलवर नखाने तपासलं. कोन जागच्या जागी फिरला असता तर तिथे चरे पडले असते आणि खर्च दसपट वाढला असता. नख कुठे अडलं नाही. भावाने तेव्हा पहिल्यांदा चहा घेतला.

सगळ्यात नाजूक काम नट आवळण्याचं. जोर लावून आवळला तर बेअरिंग जळते, सैल ठेवला तर पुन्हा डुगडुग. चाक हाताने फिरवत ठेवून नट पान्याने घट्ट करायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग पूर्ण सैल सोडायचा. मग फक्त बोटांनी जेमतेम घट्ट करून जवळच्या खाचेत पिन घालायची. हातांना प्ले कळता कामा नये आणि चाक तर मोकळं फिरलं पाहिजे. त्यामध्ये मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढीही जागा नसते. स्प्लिट पिन नेहमी नवी. डाव्या चाकाचंही सील बदलून, बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून घेतलं. दोन बेअरिंग, दोन सील, ग्रीस, पिना आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आत बिल झालं. मजुरी त्याने कमी लावली असा मला संशय आहे.

उतरवलेल्या जुन्या नटाचे दोन आटे चेपले होते. मित्राने तो मला दाखवला आणि हळू आवाजात, भावाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, “घाटात चाक आणि गाडीच्या मध्ये एवढंच राहिलं होतं.” नट मी घेतला आहे, पण आज आणलेला नाही. आईने अजून बघितलेला नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं गाडी घेऊन ओतूरपर्यंत जाऊन आलो. ऐंशीपर्यंत नेली. डिझेल इंजिनाची आपली नेहमीची धडधड, खिडकीतलं वारं, बाकी काही नाही. कोणी बोलत नव्हतं. परत येताना भाऊ म्हणाला, “ताई, मागच्या डाव्या बाजूने बारीक कुई कुई येतंय, तुला येतंय का?” मला येत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि विचारलं, कधी येतं, खड्ड्यात की सपाटीला, भरलेली असताना की रिकामी? आळेफाटा येईपर्यंत तो सांगत होता.

बेअरिंग कुठवर पोचली? चौथ्या रांगेत? पुढे जाऊ द्या. आणि एक सूचना. आपला गॅरेजवाला मित्र आज जॅक आणि तो लांब स्क्रू ड्रायव्हर गाडीत घेऊन आला आहे. चहानंतर अर्धा तास शाळेच्या मागच्या मैदानात, चिंचेखाली थांबणार आहे. ज्यांच्या गाडीला पुढून आवाज येतो त्यांनी गाडी तिकडे लावावी. तो आधी बरेच प्रश्न विचारेल, तेव्हा गाडी रोज चालवतं कोण, त्या माणसाला बरोबर घेऊन जा.